चकती आणि वर्गमूळ

रत्नागिरीच्या कारखान्यात माझ्यासमोर बसायचा तो फिटर पावस गावचा. काहीही विचारलं की आधी खिडकीबाहेर बघायचा. गॅसच्या पाइपात मधे भोक असलेली चकती असते. तिच्या दोन्ही बाजूंच्या दाबांतला फरक घ्यायचा, त्याचं वर्गमूळ काढायचं आणि गॅस किती वाहतो ते मांडायचं, हे माझं काम. चकती साफ करून बसवणं त्याचं.

एकदा साफसफाईनंतर गॅस अचानक कमी दिसायला लागला. सकाळभर मी वर्गमुळं काढत बसलो. तो खिडकीबाहेर बघत चहा पीत होता. जेवताना म्हणाला, "चकती उलटी बसली रे माझ्याकडून. म्हणून गॅस कमी दिसतोय."

"मग बोलला का नाहीस?"

"तुझं गणित रंगात आलेलं. मोडू कशाला?"

चेष्टा होती की संकोच, मला अजून कळलेलं नाही. पण त्यानंतर तो खिडकीबाहेर बघायला लागला, की मी पेन खाली ठेवायचो.