आईने मारलेली हाक

बोरिवलीच्या बाजारात आज सुक्या बोंबलांचा वास आला आणि मी थेट लहानपणीच्या गोराईच्या किनाऱ्यावर पोचले, आईचा हात धरून.

तिथे खडकावर सिमेंटची कोळीण उभी होती. वादळात भरकटलेल्या नवऱ्याला तिने म्हणे नावाने हाका मारमारून परत आणलं. म्हणून ज्याचं माणूस समुद्रापार असेल, त्याने तिच्या पायाशी उभं राहून त्या माणसाचं नाव मोठ्याने घ्यायचं. बाबा तेव्हा दुबईला होते आणि कित्येक दिवस त्यांचा फोन नव्हता. पण आईच्या तोंडी बाबा कायम 'अहो'.

"तूच घे गं नाव," ती मला म्हणाली.

शेजारी बोंबील वाळत घालणारी मावशी हसली. "पोरीच्या हाकेनं नाय चालत, बाय. बायकोनंच मारायला लागते."

आईने आजूबाजूला पाहिलं, डोक्यावर पदर ओढला आणि सगळा जीव एकवटून ओरडली, "दत्ताराम!" मग एकदम ओशाळून, हळूच म्हणाली, "जेवलात का हो?"

आज बाजारातून बोंबील घेऊन मी घरी आले. बाबांना हल्ली कमी ऐकू येतं. आई स्वयंपाकघरातून सारखी "अहो, अहो" करत होती.

"नावाने हाक मार ना," मी म्हटलं.

"कशाला? घरातच आहेत की."