शिऱ्याचा खुराक

"ताट परत गेलं तर वहिनींना वाईट वाटंल," असं म्हणत आमचे शेजारी कुणाच्याही घरी वाढलेलं सगळं संपवायचे. ज्यांना नाही म्हणणं जमतच नाही अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. हे त्यातले.

ऐंशी सालानंतरची गोष्ट. अंबडच्या एका कारखान्यात ते फिटर, मी स्टोअरला. मूळचे सिन्नरकडचे, एकटेच, आमच्या शेजारच्या खोलीत राहायचे. त्यांना क्षय निघाला तेव्हा मीच मोठ्या शहाणपणानं म्हणालो, "निम्मं औषध, निम्मा खुराक." क्षय म्हटला की आमच्याकडे खुराक आलाच. माझी बायको रोज सढळ तूप ओतून शिरा करायची, वर साखर घातलेलं दूध. मी समोर बसून आग्रह करकरून खाऊ घालायचो. त्यात मला भारी समाधान वाटायचं.

ते खायचे आणि वाळतच जायचे. सारखी तहान, सारखं लघवीला उठणं.

"गोळ्या लय गरम पडत्यात," ते हसून म्हणायचे. आम्हालाही ते पटायचं.

महिने गेले तरी थुंकीत जंतू निघतच होते. गोळ्या चुकवता म्हणून दवाखान्यात त्यांना बोलणी बसली. मलाही तोच संशय. एकदा विचारलंच.

"एक बी चुकवली नाय, भाऊ."

मी मान हलवली, पण मनातून विश्वास ठेवला नाही.

मग बदलून आलेल्या डॉक्टरीणबाईंनी लघवी तपासली. मधुमेह निघाला. "साखर इतकी चढल्यावर क्षयाची औषधं हवी तशी लागू पडत नाहीत," त्या म्हणाल्या. "रोज खाता काय तुम्ही?"

मी शेजारीच उभा होतो. मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"साधंच, बाई. भाजीभाकर," ते म्हणाले.

बाहेर पायरीवर दम खात बसले. मी काही बोलणार, तेवढ्यात म्हणाले, "वहिनींना सांगू नका हां. लय जीव लावून करत्यात."

इन्सुलिन सुरू झालं. आता त्यांना गोड जात नाही, असं मी घरी सांगितलं. पण फुप्फुसं पार गेली होती. थंडी सरायच्या आत ते गेले.

"काही म्हणा, आपल्या हातचं पोटभर खाऊन गेले," बायको अजून म्हणते.

मी हो म्हणतो.