कोपराचा फटका

प्रदर्शनात एक जपानी सुलेखनकार बाई जमिनीवर पसरलेल्या कागदावर झाडूएवढा कुंचला दाणकन आपटत होती. शाई भिंतीपर्यंत उडाली.

"हे कुणाकडून शिकलात?" मी विचारलं.

दुभाष्यानं तिचं उत्तर सांगितलं, "गुरुजी मागून माझा हात मुठीत आवळून लिहून घ्यायचे, बोटं चुरेपर्यंत. अकरा वर्षं. एक दिवस मी त्यांच्या छातीत कोपर हाणलं. कुंचला फरफटत गेला. त्या रेघेचा कागद त्यांनी स्वतः भिंतीवर लावला. म्हणाले, ही तुझी पहिली."

माझ्या वडिलांनीही माझा हात असाच मुठीत आवळून पाटीवर अक्षरं गिरवून घेतली होती. आपल्याकडे त्या पकडीला संस्कार म्हणतात.

निघताना अभिप्रायाच्या वहीत मी सही केली. सुबक, वळणदार, हुबेहूब वडिलांसारखी. कोपर अंगाला चिकटलेलंच होतं.