शॉवरमागचं शटर

“ते दार तुम्हीच केलंय ना? शॉवरच्या मागचं?”

फोनवर मुलीचा आवाज होता, अगदी दबका. मी विश्रांतवाडीच्या एका साइटवर प्लास्टर बघत उभी होते. कोण बोलतंय विचारलं, तर नाव सांगायच्या आधी तिने पुढचा प्रश्न टाकला. “कशासाठी केलंय? खरं सांगा. कुणी करायला सांगितलं?”

पंचवीसेक वर्षं मी घरांच्या दुरुस्तीची कामं घेते. गळतं का, फुगतं का, किती दिवस चालेल, असले प्रश्न नेहमीचे. पण असा पोलिसी प्रश्न मला तोवर कुणी विचारला नव्हता. “कुठल्या घराबद्दल बोलतेस बाळ?” म्हटलं, तर म्हणाली, “औंध. वैशंपायन काकांचा बंगला. दारावर तुमच्या नंबरचा स्टिकर आहे. तुम्ही पण त्यांच्यातल्याच असाल तर मला कळू दे.”

ही मुलगी म्हणजे प्रणिता. परभणीची, इंजिनिअर. हिंजवडीत नव्यानेच नोकरीला लागलेली. वैशंपायन काकांच्या तळमजल्यावरच्या खोलीत पेइंग गेस्ट म्हणून राहायची. खोलीला स्वतंत्र दार, आत बाथरूम. त्या बाथरूमचं काम मी केलं होतं.

आधी दाराचं सांगते. पूर्वी नळाचे पाइप भिंतीवरून जायचे. दिसायला वाईट, पण गळलं की लगेच कळायचं. मग आयटीचा पैसा आला, नवे फ्लॅट झाले आणि प्रत्येकाला पाइप भिंतीत गाडलेले हवे झाले. कन्सील्ड. नुसते पाइप गाडले तर एक वेळ चालतं. पण पाणी नळातून सोडायचं की शॉवरमधून, हे ठरवणारा डायव्हर्टर नावाचा व्हॉल्वही त्यांच्याबरोबर भिंतीत जातो. तो आज ना उद्या गळतोच. मग टाइल फोडायची. आणि तीच टाइल पुन्हा मिळत नाही. त्याच कंपनीची, त्याच नंबरची आणली तरी रंग एक छटा इकडे नाहीतर तिकडे.

म्हणून मी तिथे छोटं झाकण ठेवते. त्याला आम्ही अॅक्सेस म्हणतो. काकांना मी बाथरूमच्या बाजूने झाकण सुचवलं होतं. काकांनी नाक मुरडलं. “नव्या भिंतीला ठिगळ? मग जुनं बाथरूम काय वाईट होतं?” शनिवार पेठेतून औंधला आले तरी बोलणं पेठेतलंच राहिलं होतं. शेवटी मागच्या बाजूने करायचं ठरलं. बाथरूमच्या मागे स्टोअररूम, तिचं दार परसात. त्या बाजूला भिंतीत दीड फुटाचा चौकोन मोकळा ठेवला, विटा न लावता. पुढून सिमेंटची शीट आणि तिच्यावर टाइल, मागून प्लायवूडचं शटर. ओल धरू नये म्हणून शटरला हवेची भोकं. काम मला फार आवडलं होतं. एकही टाइल न फोडता सगळं हाताशी.

“काय झालंय ते सांग,” मी प्रणिताला म्हटलं.

आदल्या संध्याकाळी ती आंघोळ करत होती. लोडशेडिंगचे दिवस, लाइट गेले. अंधारात तिला समोरच्या भिंतीवर, शॉवरच्या नॉबभोवती, उजेडाची बारीक कड दिसली. उजेड हलला. पलीकडे स्टूल सरकवल्याचा आवाज आला आणि कुणीतरी खाकरलं. तशीच कपडे घालून ती मैत्रिणीकडे झोपायला गेली. सकाळी काका दूध आणायला गेल्यावर परसात जाऊन तिने स्टोअररूम उघडली. शटर दिसलं. शटरसमोर स्टूल होतं.

“काकू अमेरिकेत आहेत, सुनेच्या डिलिव्हरीला. घरात ते एकटेच असतात,” ती म्हणाली.

काकांना मी कामापुरतीच ओळखत होते. सज्जन वाटले होते. पण सज्जन वाटणारे बरेच लोक मी घरांच्या आतल्या बाजूने पाहिलेत.

“पोलिसांत जायचंय का तुला? मी येते बरोबर.”

“नको, नको.” मग म्हणाली, “पोलीस म्हणजे घरी कळणार. पप्पा मिळेल त्या गाडीने येतील आणि मला घेऊन जातील. तसंही लग्नाचं बघतायत. जॉब प्रोबेशनवर आहे, मॅम. एकदा गेले ना, की परत येणं होणार नाही.”

मी साइट सोडून औंधला गेले. प्रणिता फाटकापाशी माझी वाट बघत होती.

काकांनी दार उघडलं. “अरे वा, बोलावल्याशिवाय कॉन्ट्रॅक्टर! पुण्यात हे प्रथमच घडतंय.”

शॉवरची तक्रार आहे, असं मी सांगितलं. पुढचं सांगायला जीभ रेटेना. स्टोअररूमला नवंकोरं कुलूप होतं. सकाळी नव्हतं, हे प्रणिताने मागून हलकेच सांगितलं. माझ्या मनात पाल चुकचुकली.

“कुलूप कधी लावलंत काका?”

“आत्ताच. सकाळी दूध घेऊन आलो तर दार सताड उघडं. चोर येऊन गेला असावा. नेण्यासारखं काही सापडलं नाही बिचाऱ्याला.”

चोर माझ्या शेजारीच उभी होती. तिने मान खाली घातली नाही, याचं मला तेव्हाच कौतुक वाटलं.

काकांनी कुलूप काढलं. आत स्टूल होतं. शटरच्या बरोबर समोर. आणि शटरच्या खाली इन्व्हर्टर. माझं काम झालं तेव्हा तो तिथे नव्हता. “लाइट गेले की मेला बोंबलतो,” काका म्हणाले. “बॅटरीत पाणी घालावं लागतं. गुडघे वाकत नाहीत, म्हणून स्टूल. काल संध्याकाळी कंदील घेऊन अर्धा तास बसलो होतो इथे. का? काय झालं?”

मग मात्र मी सांगून टाकलं. आडवळण घेतलं असतं तर आणखी घाण वाटलं असतं.

काकांच्या चेहऱ्यावरचा टोमणा उतरला. ते स्टुलावर बसायला गेले, मग स्टुलाकडे बघून उभेच राहिले. प्रणिताकडे न बघता मला म्हणाले, “हिला असं वाटलं?”

“काका, मलाही वाटलं,” मी म्हटलं.

मी बॅगेतून स्क्रूड्रायव्हर काढला. शटरच्या चारही स्क्रूंवर भिंतीचा ऑइल पेंट बसलेला होता. काम संपल्यावर रंगाऱ्याने शटरसकट ब्रश फिरवला होता; स्टिकर मी त्यानंतर लावला. पहिला स्क्रू फिरवला तशी रंगाची पापडी सुटली. मी प्रणिताला जवळ बोलावून बाकीचे तीन दाखवले. “रंग कुठेही फुटलेला नाही. रंग दिल्यापासून हे शटर कुणी उघडलेलं नाही.”

तिने वाकून, नखाने खरवडून बघितलं. “पण भोकं आहेत ना शटरला?”

“आहेत. आता तूच बघ. मी बाथरूममध्ये जाते आणि दिवा लावते.”

मी शॉवरखाली जाऊन उभी राहिले. पलीकडून, बंद शटरच्या भोकांतून, तिचा आवाज आला. “पाइप दिसतोय. आणि मागे थोडी चमक. बाकी काही नाही.”

“आता शटर काढ आणि बघ. स्क्रूड्रायव्हर तिथेच आहे.”

स्क्रू निघाल्याचे आवाज आले. मग माझ्या डोळ्यांसमोरची स्टीलची चकती हलली. नॉबच्या बुडाशी, टाइलमधलं भोक झाकायला जी बसवतात, तिला फ्लँज म्हणतात. तिच्या मागची रबरी रिंग झिजली होती, म्हणून कडेने उजेड येत होता. प्रणिताने मागून बोटाने ढकलली आणि चकती बोटभर पुढे सरकली.

“आता दिसतंय,” ती म्हणाली. “मॅम, तुमचा खांदा दिसतोय.”

मी नकळत ओढणी सावरली. पूर्ण कपड्यांत उभी होते, तरी. तोवर ती चकती मी शेकडो भिंतींवर बसवली असेल. तिच्या पुढच्या बाजूला उघड्या अंगाने उभं राहणाऱ्या बाईचा विचार माझ्या डोक्यात एकदाही आला नव्हता. मला स्वतःचा राग आला.

परसात आले तेव्हा दोघं एकमेकांपासून जमेल तेवढी लांब उभी होती.

“काकांनी नाही बघितलं,” प्रणिता म्हणाली. “पेंटचं पटलं मला. पण उद्या कुणीही बघू शकतं. चार स्क्रू तर आहेत. आणि ते त्या बाजूला आहेत, माझ्या बाजूला नाहीत.”

काका निर्दोष होते आणि तिची शंकाही शंभर टक्के बरोबर होती.

काका माझ्याकडे वळले. मग म्हणाले, “तुम्ही तेव्हा पुढून झाकण सांगत होतात.”

“हो. पण त्याला टाइल फोडावी लागेल. आणि ही टाइल आता मिळणार नाही.”

“फोडा.”

“ठिगळ दिसेल, काका.”

“दिसू द्या. फोडा म्हणतोय ना!” काकांचा आवाज चढला आणि चिरकला. मग हळू म्हणाले, “आणि ही भिंत आजच्या आज बंद करा. हिच्यासमोर.”

त्याच दुपारी मी गवंडी बोलावला. मागचा चौकोन विटांनी भरला. प्रणिताने रजा टाकली होती. शेवटची वीट बसेपर्यंत ती परसात उभी राहिली आणि मग भिंतीवर मूठ मारून बघितली. पुढून दोन टाइल काढून स्टीलची चौकट बसवली आणि तिच्यावर चार स्क्रूंचं झाकण. झाकणावर लावायला टाइल जवळच्या रंगाची मिळाली, पण वेगळी दिसायची ती दिसलीच. काकांनी इन्व्हर्टर वरच्या जिन्याखाली हलवला. प्रणिताने सॉरी म्हटलं नाही. काकांनीही ते मागितलं नाही. मला वाटतं, दोघांचंही बरोबर होतं.

ती त्या घरात फार राहिली नाही. नोकरी पक्की झाली तशी मैत्रिणींबरोबर वाकडला फ्लॅट घेऊन गेली. परभणीला मात्र गेली नाही. जाताना तिने मला फोन करून तेवढंच सांगितलं.

पुढे काही महिन्यांनी वैशंपायन काकांचा फोन आला.

“मॅडम, नवीन मुलगी आली आहे. नागपूरची. पहिल्याच दिवशी बाथरूममधून बाहेर येऊन मला विचारते, भिंतीवर ते झाकण कशाचं आहे? त्याच्या मागे काय आहे?”

“मग तुम्ही काय सांगितलंत?”

“मी काय सांगणार? मी काहीही सांगितलं तरी सांगणारा मीच ना! तुम्ही या.”

मी गेले. मुलगी हाताची घडी घालून बाथरूमच्या दारात उभी होती. काका पार फाटकापाशी जाऊन उभे राहिले होते, आमच्याकडे पाठ करून. मी डायव्हर्टरचं, फ्लँजचं, गळतीचं सगळं सांगायला सुरुवात केली. ती ऐकत होती, पण तिचं लक्ष झाकणावरून हलत नव्हतं. हे मी आधी पाहिलेलं होतं. मी बोलणं थांबवलं आणि स्क्रूड्रायव्हर तिच्या हातात दिला.

तिने चारही स्क्रू काढले. आत पाइप, व्हॉल्व आणि मागे विटांची भिंत. तिने हात घालून वीट दाबून बघितली, मग झाकण लावलं.

“हा मी ठेवू?” स्क्रूड्रायव्हर दाखवत तिने विचारलं.

तेव्हापासून माझ्या बिलात एक जास्तीचा स्क्रूड्रायव्हर असतो. घरमालक विचारतात, हा कशाला? मी सांगते, आंघोळ करणाऱ्यासाठी.