भावाचे धूसर फोटो

माझं तिरोड्यात झेरॉक्सचं दुकान आहे. झेरॉक्स, ऑनलाइन फॉर्म आणि पासपोर्ट फोटो. फोटोचा जुना कॅमेरा बंद पडला तेव्हा मी गोंदियाला जाऊन एक वापरलेला डीएसएलआर आणला. लग्नाचे फोटो काढणाऱ्या एकाला तो काढून टाकायचा होता. "बॉडी एकदम मख्खन है भैया," तो म्हणाला, "बस, लेन्स अपनी देख लेना." नवी लेन्स माझ्या आवाक्याबाहेरची होती. मग बंद पडलेल्या एका स्टुडिओच्या मालकाकडे रिळाच्या जमान्यातल्या दोन लेन्स मिळाल्या, एक पन्नास मिलिमीटरची आणि एक एकशे पस्तीसची, लांबचं जवळ आणणारी. दोन्ही धातूच्या, हातात घेतल्यावर वजन जाणवणाऱ्या. मध्ये एक रिंग लावली की त्या नव्या कॅमेऱ्यावर बसतात.

अशा लेन्सला कॅमेरा काडीची मदत करत नाही. एका डोळ्यानं कॅमेऱ्याच्या खिडकीतून पाहायचं, हातानं लेन्सचं कडं फिरवायचं आणि समोरचं स्पष्ट दिसलं की बटण दाबायचं. डोळा चुकला की फोटो चुकला, मध्यस्थ कोणी नाही. त्या खिडकीच्या बाजूला हरभऱ्याएवढं एक चाक असतं, चष्मेवाल्यांसाठी. चष्मा काढून ठेवायचा आणि चाक आपल्या नंबराप्रमाणे फिरवायचं. ते मी माझ्यापुरतं लावून ठेवलेलं असे. गिऱ्हाइकांना माझ्या या कारभाराचा वैताग यायचा. "विहिरीतून पाणी काढून राहिला का बे?" असं एक म्हातारा म्हणाला, आणि फोटोत तोंड उघडं ठेवूनच आला.

माझा मोठा भाऊ काळीपिवळी चालवतो, म्हणजे गावोगावची माणसं ने-आण करणारी जीप. तिरोडा ते बोदलकशाकडची गावं, दिवसाला चार फेऱ्या, आणि हे पंचवीसेक वर्षं. रविवारी दुपारची माणसं सोडून झाली की संध्याकाळच्या फेरीपर्यंत त्याला दीड तास मोकळा असे. तेव्हा आम्ही दोघं बोदलकशाच्या तलावाच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, बसायचो. तिथं त्याला कॅमेऱ्याचं वेड लागलं. पाणकावळे, बगळे, डोंग्यातून जाळं टाकणारी माणसं. एकशे पस्तीसची लेन्स तो माझ्या हातातून ओढूनच घ्यायचा.

सुरुवातीला त्याचे फोटो माझ्यापेक्षा चांगले यायचे, आणि हे मला बोचायचं. पण पावसाळ्यापासून ते बिघडत गेले. बगळा असायचा, पण दुधात पडल्यासारखा. मला मनातून बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. "नाचता येईना अंगण वाकडं," मी म्हणायचो, कारण तो लेन्सला दोष द्यायचा. म्हणाला, आत बुरशी लागली असंल. मी लेन्स गोंदियाला नेऊन उघडून पुसून आणली. बुरशी नव्हती. त्याच लेन्सनं माझे फोटो नीट येत होते.

दुसरी एक गोष्ट घडत होती. त्याच्या हातून कॅमेरा परत आला की ते छोटं चाक एका बाजूला सरकलेलं असे, दर वेळी थोडं जास्तच. मला वाटलं, पिशवीत घासून फिरत असेल. मी दर वेळी ते मुकाट्यानं जागेवर आणायचो. मग कंटाळून त्यावर सेलोटेप चिकटवली. पुढच्या रविवारी सेलोटेप निघालेली होती आणि चाक पार टोकाला. विचारलं तर म्हणाला, "मले काय मालूम." भावाला लांबचा चष्मा नव्हता. त्याला चाकाला हात लावायचं कारणच नव्हतं, म्हणून मीही विषय सोडून दिला.

एका रविवारी लख्ख ऊन होतं, पलीकडच्या काठावरची झाडं मोजता आली असती. तो म्हणाला, "आज धुकं लय हाये."

"कुठं धुकं?"

"नाई का?" तो हसला आणि लेन्सला झाकण लावलं.

खरं तर त्याच सुमारास घरात आनंदाची गोष्ट झाली होती. भाऊ पेपर वाचायला जवळचा चष्मा लावायचा, तो आपोआप सुटला होता. औषधाच्या बाटलीवरची बारीक अक्षरंही तो चष्म्याशिवाय वाचायचा. "म्हातारपणी डोळे पोराचे झाले," असं वहिनी सगळ्यांना सांगायची. देवीला तिनं नारळही फोडला. आम्ही सगळ्यांनी तो प्रसाद खाल्ला.

श्रावणात त्याच्या लायसन्सच्या नूतनीकरणाचा फॉर्म मीच भरला, माझ्याच दुकानात. त्यात एक प्रश्न असतो: दिवसाच्या उजेडात पंचवीस मीटरवरून मोटारीची नंबर प्लेट वाचता येते का? मी मोठ्यानं वाचला. भाऊ बाकावर बसून चहा पीत होता. "लिही ना 'हो'," तो म्हणाला. मी 'हो'वर टिचकी मारली आणि पुढच्या पानावर गेलो.

मग धानाची कापणी सुरू झाली. गावात डोळे तपासणीचं शिबिर होतं आणि त्यांच्या याद्या छापायचं काम माझ्याकडे आलं. तपासणीवाला तरुण माणूस होता, माझं झेरॉक्सचं यंत्र चालू असताना गप्पा मारत होता. मी फुशारकीनं भावाच्या डोळ्यांचं सांगितलं. तो हसला नाही. म्हणाला, "या वयात वाचायचा चष्मा सुटला ना, त चांगलं नाही जी. मोतीबिंदू असा बी सुरू होते. जवळचं दिसाले लागते अन् दूरचं जाते. तुमचे भाऊ काय करतात?"

मी म्हणालो, शेती. का म्हणालो, मला आजही सांगता येत नाही.

त्या दिवशी शटर अर्धं ओढून मी संगणकावर भावानं काढलेले सगळे फोटो उघडले आणि महिन्याप्रमाणे लावले. वैशाखातल्या बगळ्याचं पिसन् पीस दिसत होतं. आषाढात पिसं गेली. श्रावणात चोच गेली. ज्या दिवशी मी 'हो'वर टिचकी मारली, त्याच आठवड्यातला एक फोटो होता, त्यात डोंगा होता पण आतली माणसं किती ते सांगता येत नव्हतं. शेवटच्या रविवारच्या फोटोत नुसता पांढरा ठिपका होता. मी त्याला हसलो होतो त्या फोटोवरून. माझ्या पाचावर धारण बसली. इतके महिने त्याला काय दिसतंय हे तो मला दर रविवारी दाखवत होता, आणि त्याच डोळ्यांनी तो दिवसाला चार फेऱ्या मारत होता.

रविवारी पाळीवर पोचल्यावर मी कॅमेरा त्याच्या हातात दिला नाही. समोर पाटबंधारे खात्याचा फलक होता. "त्यावर काय लिहिलं हाये, वाच," मी म्हणालो.

"पोहू नये, खोल पाणी."

"हे तुले पाठ हाये. खालची ओळ वाच. नवी हाये."

त्यानं डोळे बारीक करून फलकाकडे पाहिलं. मग पाण्याकडे. मग म्हणाला, "ते चाक मीच फिरवत होतो."

"ते समजलं मले."

"थोडं फिरवलं का साफ दिसे. मग आणखी थोडं. मी ठरवलं होतं, चाक फिरते तोवर गाडी चालवीन. चाक संपलं का सोडीन."

"मग?"

"पोळ्यालेच संपलं."

पोळ्याला अडीच महिने होऊन गेले होते. मी त्याला नको ते बोललो. आंधळा म्हणालो, माणसं मारशील म्हणालो. माझा मोठा भाऊ आहे तो, लहानपणी त्यानं मला पाठीवर घेऊन नाला पार करून शाळेत पोचवलं आहे. शेवटी तो म्हणाला, "पिकू त दे. कच्चा काढत नाईत. बाबाचा बी पिकल्यावरच काढला होता, हिवाळ्यात."

आमच्याकडे अजून सगळे हेच मानतात. मोतीबिंदू आंब्यासारखा पिकावा लागतो आणि थंडीतच काढावा लागतो. आता तसं काही राहिलेलं नाही, हे शिबिरवाल्यानं मला सांगितलं होतं. मी भावालाही सांगितलं. "धान निघू दे," तो म्हणाला. "लोकं वावरातून घरी कसे येतीन?" आणि गाडीची वेळ झाली म्हणून उठला.

मी त्याच्याबरोबर बसलो, कारण दुसरं काय करायचं ते मला सुचलं नव्हतं. पुढच्या गावी धान कापायला गेलेल्या बाया वाट पाहत होत्या. दहा-अकरा जणी, सगळ्या तिरोड्याच्या बाजूच्या, विळे गोणपाटात गुंडाळलेले. एक म्हातारी न विचारता पुढं आली आणि भावाच्या शेजारी बसली. मी तिच्या बाजूला, दाराशी. दिवस मावळला होता. रस्त्यावर अर्ध्या भागात धान वाळत घातलेलं, त्याच्या कडेनं दगड लावलेले, आणि पुढं जंगलाचा पट्टा.

गाडी सुटली आणि म्हातारी बोलू लागली. पहिल्यांदा मला वाटलं, ती माझ्याशी बोलते आहे.

"धान हाये जी डावीकडं. दगड हायेत. थोडं इकडं घे. आता सीधा."

भाऊ तसतशी गाडी घेत होता. मागून एका बाईनं सांगितलं, "सायकलवाला येऊन राहिला." भावानं वेग कमी केला. सायकलवाला गेला. म्हातारी म्हणाली, "गेला."

कोणाच्या आवाजात घाई नव्हती. देवळात आरती म्हणावी तशी त्यांना त्याची सवय झालेली होती. मी मागं वळून पाहिलं. मागच्या सगळ्या जणी दोन सीटांच्या मधून समोर पाहत बसल्या होत्या. भावाच्या डोळ्यांचं त्यांना माझ्याआधी कळलं होतं, आणि त्यांनी आपापसात वाटून घेतलं होतं, उजवी बाजू कोणी पाहायची, डावी कोणी.

जंगलात शिरल्यावर समोरून एक ट्रॅक्टर आला, एकच दिवा लागलेला. भावानं डोळे मिटून घेतले. मी पाहिलं ते. दिव्याच्या झोतात त्यानं डोळे मिटून घेतले आणि म्हातारी "सीधा, सीधा, सीधा" म्हणत राहिली. ट्रॅक्टर भावाच्या कोपराजवळून गेला. मी म्हातारीच्या पुढून हात घातला, किल्ली फिरवली आणि काढून घेतली. गाडी घरंगळत कडेला थांबली.

"उतरा," मी म्हणालो. "ही गाडी पुढं जाणार नाही."

कोणी उतरलं नाही. मी फोन काढला. त्या पट्ट्यात रेंज नसते, हे मला माहीत होतं, तरी काढला. तुमच्यापैकी कोणाला चालवता येते का, असं विचारलं. मला स्वतःला येत नाही, हे तेव्हा बोलून दाखवावं लागलं. चालत जायचं तर घरं सहा-सात किलोमीटर लांब, आणि त्याच आठवड्यात त्या रस्त्यावर अस्वलानं एका माणसाला फाडलं होतं. दुसरी गाडी सकाळपर्यंत येणार नव्हती. मागं एक तरुण बाई होती, तिचा पदर छातीवर ओला झाला होता. ती म्हणाली, "लेकरू दुधाचं हाये घरी, भाऊ." तक्रार म्हणून नाही, नुसतं सांगितलं.

भाऊ स्टिअरिंगवर हात ठेवून समोर पाहत होता. काय दिसत होतं त्याला, कोण जाणे. मला त्याचा राग आला होता, त्या बायांचा आला होता, आणि सर्वांत जास्त माझा स्वतःचा. अंधार झपाट्यानं उतरत होता. जितका वेळ मी किल्ली धरून बसेन, तितकं त्याला कमी दिसेल, हेही मला समजत होतं.

"दे जी त्याले," म्हातारी म्हणाली. "मी हाये ना सांगाले."

मी किल्ली दिली. गाडी सुरू झाली. म्हातारीनं डावी बाजू धरली, मागच्या बाईनं उजवी, आणि थोड्या वेळानं मीही मोठ्यानं सांगू लागलो: वळण आहे, खड्डा आहे, कोणी नाही, चल.

त्या दिवशी सगळे घरी पोचले. हे सांगायलाच हवं, कारण त्यामुळेच दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी पुन्हा निघाली.