कनकी आणि कणीक

भनपुरीतल्या एका क्लिअरिंग एजंटच्या कचेरीत एक कारकून बसतात. परदेशी जाणाऱ्या मालाचे कस्टमचे कागद तेच तपासतात. प्रत्येक ओळीखाली पट्टी धरून पुटपुटत वाचतात. नवं सरकारी परिपत्रक आलं की आधी त्याला हात जोडतात आणि म्हणतात, "ये बाबा, आता तू काय बदलवलं?"

मी राइस मिलच्या नोकरीसाठी गेल्या वर्षी नागपूरहून इथं आलो. त्यांच्या संथपणाचा मला राग यायचा. एकदा आमच्या मिलच्या मालाचा कागद त्यांच्याकडे रखडला, तेव्हा तर मी थेट त्यांच्या मालकाला फोन करून तक्रार केली. दुपारी त्यांनी मला बोलावलं. पट्टी माझ्याच कागदावर होती.

"काहून भाऊ, पोत्यात कनकी अन् कागदावर गव्हाचं पीठ? दुबईले पोळ्या पाठवून राहिले का?"

मिलमधून फोनवर मला 'कनकी' सांगितलं होतं. इथं कनकी म्हणजे तांदळाचे तुकडे. मी ऐकलं कणीक. पिठाचे नियम निराळे. कागद तसाच पुढे गेला असता तर माल बंदरावर अडकला असता आणि माझी नोकरी गेली असती.

कागद दुरुस्त झाला तेव्हा माझा जीव भांड्यात पडला. मग मान खाली घालून मी तक्रारीचं कबूल केलं.

"मालूम आहे मले," ते म्हणाले. "मालक बोलले. तुम्हाले घाई आहे म्हटल्यावर मी दोनदा वाचलं. घाईच्या कागदातच गलती असते."