आधी कोण वळलं

ज्युदोचा पंच म्हणून माझी नजर पक्की आहे, असं मी कित्येक वर्षं सगळ्यांना सांगत आलो. कुणी विचारलं नसलं तरी सांगत आलो. मी हुमनाबादच्या एका शाळेत खेळाचा मास्तर. जत्रेतल्या नारळावरच्या कुस्त्यांपासून मातीत लोळलेला, ज्युदो मोठेपणी शिकलेला. निकालावर कुणी तोंड उघडलं की माझा आवाज हायवेवरच्या लॉरीवाल्यांनाही ऐकू जातो, असं बायको म्हणते. ती उगाच काही बोलत नाही.

ज्युदोत पंचाचा कस लागतो तो प्रतिडावाला. एकीनं डाव टाकला, दुसरीनं त्याच डावात तिला उलटवलं आणि दोघी एकदमच गादीवर आदळल्या, तर गुण कुणाचा? नियम सांगायला सोपा आहे. उलटवणारीनं स्वतःचं अंग टेकायच्या आधी, हवेतच समोरचीला वळवलं असेल तर गुण तिचा. आधी स्वतः पडली आणि गादीचा धक्का घेऊन मग लोळवलं, तर पहिलीचा. डोळ्याचं पातं लवायच्या आत सगळं संपतं. मोठ्या स्पर्धांत कॅमेरे असतात. आमच्याकडे मी होतो.

त्या हिवाळ्यात स्पर्धा आमच्याच मैदानावर होत्या. मुलींच्या शेवटच्या लढतीत एक उंच मुलगी होती आमच्या गावची आणि समोर हुलसूरची एक बुटकी. तिचे आजोबा मेंढरं राखायचे. आता मेंढरं गेली होती आणि आईबाप दुसऱ्यांच्या शेतात कामाला जात होते. उंच मुलीनं पाय घालून उचलायला घेतलं, बुटकीनं कमरेला मिठी मारली, मागं वाकली, आणि धप्पदिशी दोघी खाली. मला बुटकीची पाठ टेकलेली दिसली. मातीतल्या माणसाला पाठ आधी दिसते, बाकीचं मागून. लढत संपवणारा पूर्ण गुण मी उंच मुलीला दिला. कडेच्या दोन पंचांपैकी एकानं हात हलवून नको-नको केलं. दुसऱ्याच्या हातात त्या वेळी चहाचा कप होता, त्यामुळे त्याचं काही मत नव्हतं. माझा निकाल राहिला.

बुटकी वाद घालायला आली नाही. पट्टा सरळ केला, वाकून नमस्कार केला आणि गेली. बरी शिस्त आहे पोरीला, असं मी त्या दिवशी घरी येऊन सांगितलंसुद्धा.

तीन-चार महिन्यांनी बिदरला, मैलूरच्या एका हॉलमध्ये ती पुन्हा दिसली. मी कडेला बसलो होतो. समोरचीनं पाय आत घातला, प्रतिडावाला अगदी ताट वाढून दिल्यासारखी जागा मिळाली, आणि या पोरीनं काहीच केलं नाही. हात सैल सोडले आणि निमूट पडली. एकदा नाही, दोनदा. मी चिडून तिला शिकवणाऱ्या अक्काला गाठलं. ही हुलसूरचीच तरुण बाई, शिवणकाम सांभाळून संध्याकाळी मुलींना शिकवते. हिला झालंय काय, मी विचारलं. अक्का म्हणाली, "ती त्यो डाव घेईनाच झालीय सर. सरांनी गुण दिला न्हाई म्हणजे चुकतच असंल म्हणती."

बुटक्या मुलीकडे उंच मुलींसमोर तेवढाच एक डाव असतो. सरकारी क्रीडा वसतिगृहातल्या प्रवेशासाठीची निवड दोन महिन्यांवर होती आणि वयाच्या अटीनं तिची ही शेवटची खेप होती. हे सगळं अक्कानं न रागावता सांगितलं, म्हणून जास्त लागलं.

तरीही मी हट्टीच. माझंच बरोबर होतं हे दाखवायला मी उंच मुलीच्या भावाकडून मोबाइलवरचा व्हिडिओ मागवला. त्यानं वर सिनेमाचं गाणं लावलं होतं. गाणं बंद करून, वेग कमी करून मी चार वेळा बघितला. पाचव्यांदा बायको भाकरी थापता थापता माझ्या खांद्यावरून डोकावली. तिनं जन्मात ज्युदो बघितलेलं नाही.

"आधी वळवलीय की हो तिनं," ती म्हणाली. "मग पडलीय."

मी सहाव्यांदा लावला. भाकरी गार झाली. खरं सांगतो, निकाल चुकल्याचं तेवढं वाईट वाटलं नाही, माणूस आहे, चुकतो. पण पोरीनं स्वतःच्या अंगापेक्षा माझ्यावर विश्वास ठेवला, याची लाज वाटली. असा विश्वास मला माझ्या घरातही कुणी दिलेला नाही.

रविवारी बसनं बसवकल्याण आणि तिथून हुलसूरला गेलो. अक्काला सोबत घेतलं. पोरीचे वडील, अप्पा, अंगणातच होते. मास्तर घरी आलेले बघून ते घाबरले, पोरीनं काही केलं का म्हणून पुन्हापुन्हा विचारू लागले. मी म्हणालो, तिनं नाही, मी केलंय. पोरीला समोर बसवून सांगितलं की तो गुण तिचा होता, निकाल आता बदलता येत नाही, पदक त्या मुलीकडंच राहणार, पण चूक माझी होती. वाक्यं बसमध्ये पाठ करून आलो होतो. निम्मी विसरलो.

तिनं पदकाचं काही विचारलं नाही. बराच वेळ पायाच्या अंगठ्यानं जमीन उकरत राहिली.

"मला तवा कळलं होतं सर, मी आधी वळवलं म्हणून," ती म्हणाली. "पण तुमी न्हाई म्हणल्यावर वाटलं, माझंच अंग खोटं बोलायलंय."

मला तिच्या डोक्यावरून हात फिरवावासा वाटला आणि फिरवला.

मग अक्का पदर खोचून उठली. घराच्या मागं सोयाबीनचं भुसकट पसरलं होतं, त्यावर ताडपत्री टाकली. अक्का उंच, ती डाव टाकणार होती. मी गुडघ्याला शिव्या देत पालथा झोपलो, हनुवटी ताडपत्रीला टेकवून. या वेळी काही सुटू द्यायचं नव्हतं. पहिल्यांदा पोरगी सवयीनं सैल पडली. दुसऱ्यांदा मिठी मारली आणि मध्येच सोडली. अप्पा भिंतीला टेकून बघत होते.

तिसऱ्यांदा अक्काचा पाय आत गेला आणि पोरगी मागं वाकली. दोघी आदळल्या तसं ताडपत्रीच्या कडेनं भुसकट उसळलं आणि थेट माझ्या डोळ्यांत गेलं. मी डोळे चोळत उठून बसलो. तिघंही माझ्याकडं बघत असणार.

"मला दिसलं नाही," मी म्हणालो. पंच म्हणून हे वाक्य मी आयुष्यात पहिल्यांदा बोललो.

"असू द्या सर," पोरगी म्हणाली. ती अजून धापा टाकत होती. "मला कळलंय. गुण माझा हाय."